सोललेली फिल्म

सासरे बाहेर गेले तेव्हापासून सूनबाई एकटीच एक डिस्प्ले पुसत बसली होती. त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात डिस्प्ले पुसायचे नियम भिंतीवरच लिहिलेले होते: आधी वीज बंद, द्रावण कापडावर घ्यायचं, पडद्यावर उडवायचं नाही, बाटलीतलं सोडून दुसरं काही लावायचं नाही. एवढंसं चुकलं तरी सासऱ्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू.

पण दवाखान्याच्या यंत्राच्या डिस्प्लेवरचा तो मेला डाग हटता हटेना, आणि न्यायला माणूस दुपारीच येणार होता. वैतागून तिने पर्समधलं नेलपॉलिश काढायचं द्रावण लावलं. डाग गेला, पण तिथे पांढुरका ढग उठला. वरची संरक्षक फिल्मच खराब झाली असेल, असं समजून तिने ती सोलून काढली आणि वीज चालू केली. पडदा कोरा करकरीत! एकही आकडा दिसेना.

तिचा पाय एका जागी ठरेना. काय थाप मारावी, तेही सुचेना. तेवढ्यात सासरे दारात उभे.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग ती फिल्म उचलून पडद्यासमोर धरली. धूसर का होईना, सगळे आकडे उमटले.

"डिस्प्ले शाबूत आहे. आकडे जिच्यामुळे दिसतात तीच फिल्म सोललीस तू. नवी लावू."

"रागावला नाहीत, बाबा?"

त्यांनी खालचा खण ओढला. आत तशाच ढगाळलेल्या फिल्मा खच्चून भरल्या होत्या.

"रागावलो असतो गं," ते पुटपुटले, "पण यातली सगळ्यात वरची माझी, कालचीच आहे."