दोन टिंबं आणि एक रेघ

“दोधूभाऊ, हाई खून तू कसानी करस?”

दोधू परिटाने हातातली सुई वर धरली. तिच्या टोकाला बिब्बा टोचलेला होता. “कसानी म्हंजे? बिब्बानी. मन्हा बाप बी बिब्बानीच करे. कपडा फाटी जास, पन खून नही जास.”

बिब्ब्याचा काळा रस त्याने एका चादरीच्या कोपऱ्यावर टेकवला. दोन टिंबं, खाली एक रेघ. वरून बोटाने ओला चुना चोपडला. ही धर्मार्थ दवाखान्याची खूण. शेजारच्या गठ्ठ्यात धनुबाईचे तीन पांढरे एप्रन होते. तिने एक उचलून उलटा केला. जुन्या एप्रनांवर खूण खालच्या घेराला असे; दिवाळीत आलेल्या या नव्यांवर ती गळ्याच्या पट्टीला होती, आतल्या बाजूने, बरोबर मानेवर येईल अशी.

धनुबाईचा हात पदराखाली मानेकडे गेला.

“आशीच खून माले दोन चिंधीसवर करी दे,” ती म्हणाली. “हातले बांधनी शे.”

“हातले? बाई, लोके ताईत बांधतस!”

“मन्हा ताईत हाऊच.”

शहाद्याच्या त्या दवाखान्यात धनुबाई चौदा वर्षं सुईण होती. नवरा गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. धुळ्याला जाऊन तिने हे काम शिकून घेतलं आणि परत आल्यावर गावातली निम्मी पोरं तिच्या हातांत जन्मली. एकोणीसशे छत्तीसच्या दिवाळीत तिच्या मानेवर चट्टा उठला. लाल व्हायचा, पाझरायचा, खपली धरायची, पुन्हा पाझरायचा. गंधकाच्या मलमाने तो जास्तच चिडला. आधी लोक खरूज म्हणाले. मग ते काहीच म्हणेनासे झाले, आणि ते जास्त वाईट होतं. बाळंतिणी तिच्या हातचं पाणी घेईनात. शेवटी विश्वस्त हिंमतराव पाटलांचा निरोप आला: सोमवारच्या बैठकीत निकाल लावू, तोवर धनुबाईने कुठल्याही बाईला हात लावू नये. त्यांची स्वतःची सून गरोदर होती.

धनुबाईच्या ध्यानात एक गोष्ट राहिली होती. होळीला ती धडगावला भावाकडे नऊ दिवस होती, तेव्हा चट्टा सुकला. कामावर आल्यावर तिसऱ्या दिवशी तो पुन्हा ओला झाला. म्हणजे कारण दवाखान्यातच होतं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी तिला एक रीत सांगितली: संशयाची वस्तू कापडाच्या तुकड्यावर घेऊन हाताला दोन दिवस बांधायची आणि कातडी काय सांगते ते पाहायचं. तिने साबण बांधला, हात धुवायचं जंतुनाशक कार्बोलिक बांधलं, कपड्यांची खळ बांधली, एप्रनचा तुकडाही बांधला. चारही जागा कोऱ्या निघाल्या.

डॉक्टरांनी तिथे हात टेकले. धनुबाई मात्र आपल्या तळहातांकडे बघत बसली. साबण आणि कार्बोलिक तर रोज हातांना लागतं, आणि हात स्वच्छ आहेत. हाताला लागत नाही असं मानेला काय लागतं? तेव्हा तिला आठवलं, की एप्रनचा तुकडा आपण खालच्या घेरातून कापला. गळ्याची पट्टी फुकट कशाला खराब करायची म्हणून.

म्हणूनच बैठकीआधीच्या शनिवारी ती दोधूच्या ओट्यावर गेली होती.

सोमवारी हिंमतराव खुर्चीवर बसले. धुतलेल्या चादरी घेऊन आलेला दोधू दारातच रेंगाळला.

“धनुबाई, मन्हं तुन्हासंगे काही वैर नही,” हिंमतराव म्हणाले. “पन जीवना सवाल शे. तुन्ही मान देखीसन कोन तुले हात लावू दी?”

“मान नका देखा, आप्पा. हात देखा.”

तिने डावा हात टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी कोपराखालची पट्टी सोडली. सावळ्या कातडीवर दोन टिंबं होती आणि खाली एक रेघ; लालबुंद, सुजलेली, पाणी भरलेल्या बारीक फोडांची. मग डॉक्टरांनी आपली बाही वर केली. दुसरी चिंधी तिने त्यांना बांधली होती. त्यांचा हात कोरा होता.

“मन्हा बिब्बा!” दोधू दारातून ओरडला.

“बिब्बाच,” डॉक्टर म्हणाले. “हा एक्झिमा आहे, हिंमतराव. काहींच्या शरीराला एखादी वस्तू सोसत नाही, त्याला ॲलर्जी म्हणतात. त्यातूनही असा एक्झिमा उठतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. धनुबाई, पूर्वी कधी बिब्बा लावला होता?”

“सात वर्षनी व्हतू. काटा लागना, आजीनी बिब्बा चटकाडा. पाय आसा सुजना, महिनाभर चालता नही उनं.”

“शरीराने ते तेव्हापासून ध्यानात ठेवलंय.”

हिंमतरावांनी आपल्या सदऱ्याची पट्टी चाचपली. “मंग माले काब्र व्हस नही? मन्हा सदराले बी दोधूनीच खून शे!”

“आप्पा,” धनुबाई म्हणाली, “तुम्हना सरकी काढाना जिनमा कापूस उडना का तुम्हले सटासट शिंका येतस. तठे वीस मजूर शेतस. त्यासले येतस का?”

“नही.”

“मंग तुम्हनी शिंक आजवर कोनले लागनी? तुम्हले कोनी गावबाहेर बसाडं?”

दोधू खो खो हसला. हिंमतरावांनी त्याच्याकडे डोळे वटारले. पण मिशीखाली त्यांचेही ओठ हलले. बैठकीच्या कागदाची त्यांनी घडी घातली आणि खिशात टाकली.

“वहूना दिवस भरत उनात,” ते म्हणाले. “तू येशीन ना?”

“येसू. पहिले माले कोरं एप्रन लागी.”

नव्या एप्रनवर दोधूने खूण लाल दोऱ्याने शिवली, आणि हे काम आपल्या बापालाही जमलं नसतं, असं सगळ्या आळीला सांगितलं.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, हिंमतरावांच्या ओसरीवर आतून रडणं ऐकू आलं. धनुबाई बाहेर आली. तिची मान कोरडी, नितळ होती आणि आज तिने ती पदराने झाकली नव्हती. दुपट्यातल्या नातीचं डोकं तिच्या डाव्या हातावर टेकलं होतं, बरोबर तिथे, जिथे दोन तपकिरी टिंबं आणि एक रेघ अजून पुसट उरली होती.

हिंमतरावांनी ती खूण पाहिली. मग खाली वाकून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.