अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही

हॉस्पिटलच्या मोठ्या फाटकासमोर मावशी खोल्या भाड्याने देत. उतरणारे सगळे पेशंटचे नातेवाईक, बाहेरगावचे, एवढं मोठं शहर पहिल्यांदाच बघणारे. पिशवी खाली टेकायच्या आत मावशींच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. फाटकाजवळच्या गाडीवर खायचं नाही, ते तेल कधीचं असतं देव जाणे. कोपऱ्यावरच्या खाणावळीत जा, चार घास गरम मिळतील. रस्त्यात मोबाइल बाहेर काढायचा नाही, वाजूही द्यायचा नाही. मागच्या गोदामांच्या बोळात दिवसाढवळ्याही पाय टाकायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे त्या बोट नाचवून सांगत: कुणी अनोळखी येऊन 'तुमच्या पेशंटला जास्त झालंय, चला लवकर' म्हणालं, तर हलायचं नाही. त्यांच्याच एका भाडेकरूला असंच बोळात नेऊन पार लुबाडलं होतं. घाबरलेल्या माणसाची अक्कल गहाण पडते, हे त्या भामट्यांना बरोबर ठाऊक असतं.

लोक हो हो म्हणत आणि जिना उतरेपर्यंत विसरत. टेलरकाका त्यांतले नव्हते. गिऱ्हाईक सांगेल त्या मापाबाहेर या माणसाने जन्मात कधी कात्री चालवली नाही. त्यांच्या बायकोचं हृदय पार थकलं होतं, म्हणून तिला इथे आणलेलं. दाखल होताना तिने एकच मागितलं होतं, काही झालंच तर तुम्ही जवळ हवे, मला या परक्या माणसांत एकटीला जायचं नाही. काकांनी शब्द दिला होता. पण भेटायला सोडत सकाळी आणि संध्याकाळी. मधला सगळा दिवस काका खाणावळीच्या बाकावर बसून काढत, मोबाइल आवाज बंद करून सदऱ्याच्या आतल्या खिशात. मावशींना हा गुणी भाडेकरू भलताच आवडला होता.

त्या दुपारी मावशी भाजी घेऊन परतल्या, तर काका पायरीवर बसलेले. चेहरा पांढराफटक. एक बाई खाणावळीत आली होती म्हणाले. साधे कपडे, ना गणवेश ना बिल्ला. काकूंना जास्त झालंय, तुम्ही फोन उचलत नाही, चला, मागच्या बोळातून लवकर पोचू, असं म्हणाली. हात धरून ओढायलाच लागली. काकांनी हात हिसडला, चारचौघांत तिला चोर म्हटलं. बाई रडत निघून गेली.

"तुम्ही सांगितलं होतं अगदी तस्संच, ताई," काका म्हणाले. "तरी जीव थाऱ्यावर नाही. म्हटलं, तुम्हाला विचारल्याशिवाय कुठे जायचं नाही."

मावशी शाबास म्हणणारच होत्या. पण सहज विचारलं, दिसायला कशी होती?

ठेंगणी, काका म्हणाले, आणि एका डोळ्याखाली भाजल्याचा डाग.

मावशींच्या हातातली पिशवी गळाली. ती वॉर्डातली आया होती; भेटीच्या वेळी तिची पाळी नसे, म्हणून काकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. ड्युटी संपली तरी कुणाचं काही राहिलं असेल तर घरी न जाता परत फिरणारी, वर्षानुवर्षांच्या ओळखीची. मावशींनी काकांचा दंड धरला आणि दोघं धावत सुटले, ज्या बोळात पाय टाकू नका म्हणून त्या घसा फोडून सांगत, त्याच बोळातून. तिथे दोन हमाल पोती उतरवत होते. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. मावशींना धाप लागली होती, पण थांबायची हिंमत नव्हती. धावता धावता काका एकदाच म्हणाले, फोन बघू का? मावशी त्यांना तशाच पुढे ओढत राहिल्या.

वॉर्डात पडदा ओढलेला होता. आत आया स्टुलावर बसली होती, तिच्याच कपड्यांत, काकूंचा हात हातात घेऊन. काकूंचे डोळे मिटलेले होते. नर्सने मान हलवली आणि काकांना वाट करून दिली.

"तुमची वाट बघत होत्या," आया हळूच म्हणाली. "मी सांगत होते, काका येतायत, वाटेतच आहेत. मग झोप लागल्यासारखं झालं. त्रास नाही झाला, काका."

काका पलंगाच्या पायथ्याशी उभे. शिव्या घालतील, निदान एकदा रागाने बघतील, म्हणून मावशी जीव मुठीत धरून वाट बघत होत्या. त्यांना ते हवंच होतं. काका वळले, आणि त्यांच्या तोंडावर पहिल्या दिवशीचाच भाबडा विश्वास होता.

"ताई, हिला आता गावी न्यायचंय. कुणाशी बोलायचं, कुणावर विश्वास ठेवायचा नाही, मला काही कळत नाही. तुम्ही सांगाल तसं करतो."

मावशींना सगळं ठाऊक होतं. गाडीवाले कुठे उभे असतात, त्यांतला कोण पैशासाठी अडवून धरतो, सही कुठल्या खिडकीवर मिळते, सगळं तोंडपाठ. पण त्या भिंतीला टेकल्या.

"मला नका विचारू, भाऊ," कसंबसं त्या बोलल्या. "यांना विचारा."

काका आयेकडे वळले. हात जोडले.

"ते सगळं बघू नंतर, मी आहे," ती म्हणाली. "आधी बसा." तिने स्टूल रिकामं केलं, आणि काका बसेपर्यंत काकूंचा हात खाली ठेवला नाही.