पुसलेलं माप

सायकलच्या त्या लहानशा दुकानात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. पोस्टमन होता, बेकरीवाला होता, शाळेतले दोन मास्तर होते, आणि ज्यांच्याकडे सायकलच नाही असेही चार-दोन जण फुकटची मजा बघायला आत घुसले होते. मधोमध स्टँडवर पोस्टमनची सायकल टांगलेली, आणि तिच्याशेजारी वंगणबाबा उभे. पांढरीशुभ्र डगली, आणि सायकलच्या दुकानात तासभर उभं राहूनही तिच्यावर तेलाचा एक ठिपका नाही. खरं तर लोकांनी तिथेच काय ते ओळखायला हवं होतं. पण चमत्कार बघायला आलेला माणूस डगली कशाला बघतोय.

"लोखंड झिजतं, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" बाबांनी विचारलं. "चेन विकणाऱ्यांनी. चेन झिजत नाही, माझ्या लेकरांनो. चेन थकते. वर बसलेला माणूस मनातल्या मनात कुरकुरतो, ती कुरकुर कड्यांत उतरते. माझं तेल त्या कड्यांना त्यांच्या तरुणपणाची आठवण करून देतं."

मास्तरांपैकी एकाने मान डोलावली. शिकवायचे ते विज्ञान, आता काय बोलावं.

बाबांनी खूण केली तसा दुकानाचा मालक पुढे झाला. गावात सगळे त्याला दादा म्हणत, कारण दारोदार फिरून बाळंतपणं करणारी आरोग्य केंद्रातली नर्सबाई त्याला दादा म्हणे, आणि ती त्याची सख्खी धाकटी बहीण होती. दादाने खिशातून पोलादी माप काढलं, फडक्याने पुसलं आणि पोस्टमनच्या चेनवर ठेवलं. मापाचं टोक दोन कड्यांच्या मधे टक्कन खाली बसलं. म्हणजे चेन ताणली गेली होती, बदलायला झाली होती. मग बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले, चेनवरून तेलाचे थेंब सोडले आणि पायडल सावकाश फिरवलं. दादाने माप पुन्हा पुसलं, पुन्हा ठेवलं. या खेपेला टोक कड्यांवर अडून राहिलं. आत जाईचना. पोस्टमनचे डोळे भरून आले. दारापाशी उभ्या असलेल्या नर्सबाईलाही भरून आलं, पण ते बाबांसाठी नव्हे. दादाचं दुकान किती दिवसांनी असं माणसांनी भरलं होतं.

त्या गावाला दोन गोष्टी भरपूर होत्या, चढ आणि सायकली. मोटारी गल्ल्यांत शिरत नसत, त्यामुळे पाव असो, पत्र असो की नर्स, सगळं सायकलवरूनच वर जायचं. या दुकानावर आधी आप्पा बसायचे, या भावंडांचे वडील. चेन किती दिवस चालेल असं कोणी विचारलं की ते वैतागायचे. "दिवस कसले विचारता? चढ किती, चिखल किती, आणि तुम्ही आळशी किती, ते सांगा," म्हणायचे. वेळच्या वेळी चेन बदलली तर मागच्या चाकाचे दाते दोन-तीन चेनींना पुरतात. नाही बदलली तर चेन जाता जाता दात्यांनाही घेऊन जाते, हे त्यांचं पालुपद. आणि दुसरं पालुपद हत्यारांचं. न पुसता हत्यार लावायचं नाही. माप असो, पाना असो, आधी पुसायचं, मगच हात चालवायचा. आप्पा गेले, पण दादाचं पुसणं गेलं नाही. तो माप पुसायला लागला की नर्सबाईला दर वेळी आप्पा आठवत.

तेव्हा दादाने मोजलंय म्हटल्यावर तिला दुसऱ्या कोणाची ग्वाही नको होती. बाबांवर तिचा विश्वास नव्हताच. ती केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना हसत हसत म्हणालीही होती की बाबा बोलतात ते सगळं वंगणच आहे, पण दादाचं माप खोटं बोलत नाही, तेव्हा त्या तेलात काहीतरी असणार. डॉक्टरीणबाईंनी खांदे उडवले आणि केंद्राच्या सगळ्या सायकली दादाकडे धाडल्या. नव्या आणलेल्या चेनी कपाटात पडून राहिल्या.

काही महिन्यांनी नर्सबाईची चेन खडखडायला लागली. चढावर मधूनच पाय एकदम हलका व्हायचा, जणू खालची पायरीच कोणी काढून घेतली. ती दुकानात गेली. गर्दी होतीच, बाबाही होते. दादाने माप पुसलं, तिच्या चेनवर धरलं आणि म्हणाला, उत्तम आहे. बाबा तिच्याकडे बघून हसले. "चेन घसरत नाही, बाई. मन घसरतं. संशयाचा एक दाता माणसाच्या आत असतो." लोक हसले, तीही हसली आणि सायकल घेऊन घरी आली.

पुढच्याच आठवड्यात भल्या सकाळी वरच्या आळीतून निरोप आला. पहिलटकरीण अडली होती. नर्सबाई पिशवी लावून निघाली आणि शेवटच्या उभ्या चढावर पायडलवर उभी राहिली. सगळा भार उजव्या पायावर आला आणि चेनने दाते सोडले. पाय रिकामा खाली गेला, सायकल आडवी झाली, आणि ती उजव्या हातावर पडली. मनगटातून आलेला आवाज तिने स्वतः ऐकला. मागून येणाऱ्या बेकरीवाल्याला तिने आधी स्वतःला उचलू दिलं नाही. पिशवी घेऊन पुढे पळ म्हणाली. वर शेजारची एक म्हातारी मोठी धीराची निघाली, म्हणून बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली.

मनगटाला प्लास्टर लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाड जुळेल, पण पकड पहिल्यासारखी येईल का, ते आत्ताच सांगता येत नाही. बाळंतपणं करणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल ते मी काय सांगू. आणि संध्याकाळी दादा भेटायला आला, उशाशी बसला, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "चिमे, तू मनात काही आणलं होतंस का गं?"

तिने खरंच आठवून बघितलं. आपलंच मन घसरलं असेल का, याचा एवढी शिकलेली बाई रात्रभर विचार करत राहिली. अंधश्रद्धेची खरी कमाल इथे आहे. ती हात मोडते, आणि वर आपल्याकडूनच माफी मागून घेते.

सायकल केंद्राच्या ओसरीवर आणून ठेवलेली होती. बसून बसून कंटाळलेल्या नर्सबाईने एक दिवस मागचं चाक जवळून पाहिलं. दाते विळ्यासारखे एका बाजूला झुकले होते. ताणलेल्या चेनचं हे काम, आप्पांनी लहानपणी दाखवलेलं तिला चांगलं आठवत होतं. मनाने घसरलेल्या बाईच्या सायकलचे दाते कशाला झिजतील? तिने धाकट्या नर्सला हाक मारली, जुनी चेन काढायला लावली आणि कपाटातली एक नवी आणायला सांगितली. दोन्हींच्या कड्या मोजून अगदी सारख्या करून घेतल्या. मग डॉक्टरीणबाईंचा अॅप्रन ज्या खिळ्याला असायचा, त्याच खिळ्याला दोन्ही चेनी शेजारी-शेजारी लोंबत्या सोडल्या.

जुनी चेन नवीपेक्षा चांगली दोन बोटं खाली आली.

धाकटीला काही कळेना. नर्सबाईने सांगितलं की लोखंड रबरासारखं लांबत नाही. कडीतली पिन आणि तिचं भोक एकमेकांवर घासून केसभर झिजतात. कड्या शंभरावर, म्हणून केसाकेसाने दोन बोटं होतात. तरुण झालेली चेन ही अशी असते. बोलता बोलता ती पुन्हा खिळ्याकडे बघू लागली. चेन एवढी लांबली होती, तर दादाचं माप अडलं कसं? तिला ते माप डोळ्यांसमोर दिसलं. त्याला दोन कडा होत्या. पहिली कड आत बसली तर चेन बदला. दुसरी त्याहून लांब, ती आत बसली तर चेनबरोबर दातेही गेले. आणि दोन मोजण्यांच्या मधे दर वेळी दादा काय करायचा? पुसायचा. आणि फडक्याआड माप उलटं व्हायचं. तिला रडूही येईना. हात मोडल्याचं दुःख त्या क्षणी तिला अगदी किरकोळ वाटलं.

धाकटी म्हणाली, "ताई, जाऊ दे ना. घरातली गोष्ट आहे. आपण गुपचूप चेनी बदलून टाकू."

"केंद्राच्या बदलू," नर्सबाई म्हणाली. "पोस्टमनची कोण बदलणार? बेकरीवाल्याची?"

सुट्टीच्या दिवशी दुकान नेहमीसारखं भरलं होतं. आज स्टँडवर धाकट्या नर्सची सायकल होती. नर्सबाई गळ्यात हात अडकवून अगदी पुढे येऊन उभी राहिली. तिला बघून बाबांना चेव चढला. बघा, म्हणाले, संशयाचं फळ गळ्यात बांधून आलीय बिचारी, पण आली, हे महत्त्वाचं. दादाने माप पुसलं, ठेवलं. टक्कन आत बसलं. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले, तेल सोडलं, पायडल फिरवलं. दादाने माप उचललं आणि फडकं हातात घेतलं.

"दादा, पुसू नकोस," ती म्हणाली. "आहे तसंच, त्याच बाजूने परत लाव."

दादाचा हात थांबला. बाबा घाईघाईने म्हणाले की अपवित्र माप चालत नाही. कोणीतरी मागून म्हणालं, लाव की रे, काय होतंय. आधी एक, मग बरेच जण तेच म्हणू लागले. दादा बहिणीकडे बघत राहिला. शेवटी तिनेच डाव्या हाताने त्याच्या बोटांतून माप काढून घेतलं आणि त्याच कडेने चेनवर ठेवलं. टक्कन आत बसलं. मग सगळ्यांना दिसेल असं उलटं करून ठेवलं. अडलं. पुन्हा सुलटं. बसलं.  मग धाकटीने दोन्ही चेनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगल्या, आणि पोस्टमनने पुढे येऊन त्यांच्या टोकांमध्ये आपली दोन बोटं घालून बघितली.

बाबा म्हणाले की अश्रद्ध हात लागल्यामुळे तेलाची शक्ती गेली. पण आता त्यांच्या डगलीकडे लोकांचं नीट लक्ष गेलं होतं. ती डगली मागच्या दाराने कधी निघून गेली ते कळलंच नाही. तेलाच्या बाटल्या मागे राहिल्या. मास्तरांनी एक उघडून वास घेतला आणि शिलाई मशीनचं तेल आहे म्हणाले. विज्ञान जरा उशिरा आलं, पण आलं.

लोक दादावर तुटून पडणार असं दिसताच नर्सबाई मधे उभी राहिली.  "त्याच्याशी माझं मी बघते. तुम्ही एवढंच करा. उद्या कोणी म्हणालं लोखंड झिजत नाही, तर त्याला वादात जिंकायला जाऊ नका, मोजून बघा. मोजणारा कितीही जवळचा असला तरी एकदा स्वतःच्या हाताने मोजा. मी म्हणतेय म्हणूनही मानू नका. घरी जा, चेन काढा, खिळ्याला टांगा आणि बघा."

दुकान रिकामं झालं. दादा स्टुलावर बसून होता. बाबाने पैसे फार दिले नव्हते, तो म्हणाला. पण चौकातल्या मोठ्या दुकानात जाणारे लोक परत येत होते, त्याला नावाने विचारत होते. आप्पांच्या वेळेसारखं. ती ऐकत राहिली. तिला एकच विचारायचं होतं.

"माझी चेन मोजलीस त्या दिवशी. दुसरी कडसुद्धा आत जात होती ना?"

दादाने मान खाली घातली. "जात होती. मी अंगठ्याने धरून ठेवलं."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"लोक बघत होते, चिमे."

तिने पिशवी उचलली आणि चढ चालत चढून घरी गेली.

गावाने नंतर रीतसर चेनी बदलल्या. पुष्कळांना दातेही बदलावे लागले, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेनसुद्धा घसरते. पोस्टमन येता-जाता बाबाला शिव्या देई, पण त्यात स्वतःलाही सोडत नसे. दादाचं दुकान चालू राहिलं. आता मापाला दोरी बांधून ते दाराशी टांगलेलं असे, ज्याचं त्याने मोजावं म्हणून.

प्लास्टर निघालं. पकड बरीचशी आली, सगळी नाही. नर्सबाईच्या सायकलला दादाने नवी चेन, नवे दाते बसवले, कोणी न सांगता. ती घ्यायला आली तेव्हा त्याने सवयीने फडकं उचललं, मग ठेवून दिलं. दोरीला बांधलेलं माप न पुसताच त्याने तिच्यापुढे धरलं.

तिने ते घेतलं आणि ओणवी होऊन चेनवर ठेवलं. एका कडेने ठेवलं, मग दुसऱ्या.

"नवीकोरी आहे गं," दादा म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि चेन पुढे सरकवून पुन्हा मोजू लागली.