हजार गाठींचा कमरपट्टा

मित्रांनो, काचेच्या पेटीत ही मळकट चिंधी दिसते ना, तो मी, एक जुना कमरपट्टा. पांढऱ्या कापडावर हजार बायकांनी लाल दोऱ्याची एकेक गाठ मारली, की आमचा जन्म होतो. लढाईवरचा माणूस आम्हाला पोटाशी बांधतो. मग त्याला गोळी लागत नाही, असे आमच्याकडे मानतात.

जपानमधल्या कुरे बंदराजवळच्या कोळीवस्तीत शिमेनो नावाची विधवा मला घेऊन पुलावर उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांपुढे सुई धरायची. तिचा एकुलता एक मुलगा तोकुजी विमानवाहू जहाजावर मिस्त्री होता. चीनमधली लढाई संपता संपत नव्हती. त्यात अमेरिकेने तेल बंद केले आणि मोठी माणसे महासागरापलीकडे बोट दाखवू लागली. शिमेनोला एवढेच कळत होते, की पोरगा लांब जाणार.

आमच्याकडे वर्षांना प्राण्यांची नावे असतात. वाघाच्या वर्षी जन्मलेल्या बाईला वयाइतक्या गाठी मारता येतात, कारण वाघ कितीही दूर गेला तरी घरी परततो. शेजारची हाया आजी अशीच वाघीण होती. "जन्मभर वय चोरलं गं," ती शिमेनोला म्हणाली, "आता दोन वर्षं वाढवूनच सांगते. पोरांना तेवढ्याच गाठी जास्त." तिचा नातू इवाओ त्याच जहाजावर होता. त्याच्या पट्ट्यावरही तिने अशाच गाठी मारल्या.

पर्ल हार्बरची बातमी आली तेव्हा गल्लीभर आनंद झाला. तोकुजीच्या पोटाशी मीही फुशारलो होतो. पुढच्या जूनमध्ये मिडवे बेटाजवळच्या लढाईत मात्र, तेल भरलेली विमाने जहाजात उभी असतानाच वरून बॉम्ब पडले. आमची चार मोठी जहाजे जळाली. इवाओ खाली इंजिनघरात अडकला. तोकुजी तापलेले दार ठोकत राहिला, शेवटी त्याला लोकांनी ओढून नेले.

रेडिओवर मात्र विजय जाहीर झाला. वाचलेल्यांना कोंडून ठेवले आणि बजावले, की घरी एक शब्द जरी बोललात तर तुरुंग. ग्वादालकनाल बेटावर लढायला पाठवण्याआधी तोकुजीला घरी जायला एक दुपार मिळाली, तेव्हा हाया आजीने त्याला बोलावून घेतले.

इवाओच्या जागेवर ताट वाढलेले होते. दूर गेलेला माणूस उपाशी राहू नये म्हणून आमच्याकडे तसे वाढतात. आजी स्वतः रताळ्यांवर दिवस काढत होती. तिने वाटीवरचे झाकण उचलून दाखवले.

"बघ, आतून वाफ धरलीये. म्हणजे पोर खुशाल आहे. हो ना रे?"

तोकुजी गुडघ्यांवर पुढे सरकला, जेवणाच्या काड्या उचलल्या आणि भातात उभ्या रोवल्या. तशा त्या फक्त मेलेल्याच्या भातात रोवतात.

आजीने हातातले झाकण खाली ठेवले. मग म्हणाली, "फार त्रास झाला का रे त्याला?"

तोकुजीने मान हलवून नाही म्हटले. तेवढे मात्र खोटे होते.

आजीने ताट उचलून पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवले. "तू काही बोलला नाहीस," ती म्हणाली. "कुणी विचारलं, तर मी शपथेवर सांगेन."

इवाओचे काहीच परत आले नव्हते, म्हणून तोकुजीने मला सोडून त्या ताटाशेजारी ठेवले आणि तो माझ्याविना निघून गेला. ग्वादालकनालहून तो परतला नाही. मी असतो तर वाचला असता, असे मला पुष्कळ वर्षे वाटत राहिले. पण इवाओच्या पोटाशीही माझ्यासारखाच पट्टा होता.

त्या बेटावरून आमचे सैन्य उपाशीपोटी पळाले. रेडिओ म्हणाला, सैन्याने दिशा बदलली. शिमेनोच्या दारी खरे सांगायला कुणीच आले नाही. ती मरेपर्यंत रोज सकाळी तोकुजीसाठी वाढलेल्या वाटीचे झाकण उचलून वाफ बघायची.

मित्रांनो, मला कसर लागू नये म्हणून या संग्रहालयातली माणसे फार जपतात. त्यांचे उपकार आहेत. पण माझ्यासारख्या फडक्याचे काय एवढे! कुणी कुणाची वाट पाहत असेल, तर त्याच्यापाशी जा आणि त्याला खरे काय ते सांगा.