साडेतीनचा चहा

"घरात माणसं किती, काकू?"

सत्यशीलानं पेनाचं टोपण काढलं आणि कागद गुडघ्यावर सरळ केला. भिवराबाईंनी सोफ्यावर बस म्हणून सांगितलं होतं, तरी ती खाली सतरंजीवरच टेकली होती.

"दोघं. मी आन् साहेब."

डोक्यावर, छताच्या पलीकडं, कुणीतरी ठोकलं. एक. दोन. तीन.

सत्यशीलानं वर पाहिलं. भिवराबाईंनी मात्र पाहिलं नाही. मांडीवर घेतलेल्या कापसाला पीळ देत त्या वाती वळत राहिल्या.

"कबुतरं हायेत," त्या म्हणाल्या. "लई झालीत."

आरोग्य खात्याची आशाताई म्हणून सत्यशीला बारा वर्षं उमापुरात घरोघर फिरत होती. या वेळचा सर्व्हे जरा निराळा होता. घरात माणसं किती, उत्पन्न किती आणि व्यसन कुणाला, एवढंच विचारायचं. सकाळी वस्तीत तिला प्रश्न पुरा करावाच लागला नव्हता. "लिहा, आमचा मालक पितो," बाया भाकरी थापता थापता सांगत होत्या. एकीनं तर बाजेवर पडलेल्या सासऱ्याकडं लाटणं रोखून "ह्ये बघा, डोळ्यानंच बघा" म्हटलं होतं आणि सगळ्याजणी हसल्या होत्या, सासराही हसला होता. रामेश्वरराव साहेबांच्या या दुमजली घरात हसायला कुणी नव्हतं. साहेब गेवराईला बैठकीला गेले होते. उत्पन्नाच्या रकान्यापाशी भिवराबाईंनी नुसतं "तुझ्या मनानं लिही" म्हटलं.

"आन् तंबाखू, दारू, गोळ्या? सवय कुणाला?"

"कुणालाच न्हाई."

वरचं ठोकणं पुन्हा सुरू झालं. या खेपेला ते थांबलं नाही. खलबत्त्यात सावकाश काही कुटावं तसं, एका लयीत चालू राहिलं. भिंतीवरच्या फोटोची काच त्यानं बारीक थरथरत होती.

"काकू, तुमचा अंगद पुण्यालाच हाय ना?"

भिवराबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. साडेतीनला पाच कमी होते. वाती बाजूला ठेवून त्या उठल्या. देवघराखालच्या खणातून त्यांनी गोळ्यांची पट्टी काढली, गोळ्या वाटीच्या बुडानं चुरल्या, दुधात टाकून चमच्यानं ढवळल्या. वर साखर घातली. सांजवात लावावी इतक्या शांतपणे त्यांनी हे सगळं केलं. मग कंबरेची किल्ली चाचपत त्या जिना चढून गेल्या.

कुलूप वाजलं. थोड्या वेळानं ठोकणं थांबलं. ते असं अचानक थांबलं, की इतका वेळ पंखा कुरकुरत होता हे सत्यशीलाला तेव्हा कळलं.

खाली आल्यावर भिवराबाईंनी रिकामा पेला इतर भांड्यांपासून वेगळा ठेवला.

"गोळ्या बंद करून बघितलं की," त्या पाठमोऱ्याच बोलल्या. "गोळी न्हाई मिळाली की वरडतो. खाली साहेबांची माणसं बसल्याली असत्यात. मग साहेबच आणाया लागले. कमी पडू देत न्हाईत."

"दवाखान्यात न्या, काकू. बीडला. आमच्या भारतला नेलं न्हवतं का?"

"तुझा भाऊ स्टँडावर पडला, सत्यशीला." भिवराबाई वळल्या. "येणारा जाणारा त्याला अडखळला. कुणी शिव्या दिल्या, कुणी उचललं, जीपमधी घातलं. बरा झाला. तुमच्याकडं मजुरी सरली की दारू सरती. आमच्याकडं काईच सरत न्हाई. माझं लेकरू पडतंय ते गादीवर. आवाज बी येत न्हाई."

त्यांनी कागद ओढून घेतला, 'दोन'च्या पुढं सही केली आणि परत दिला.

बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. समोर हबीबच्या पंक्चरच्या दुकानापाशी तिची स्कूटी उभी होती. सत्यशीलानं चावी लावली, पण फिरवली नाही.

"हबीबभाई," ती हळू आवाजात म्हणाली, "वर अंगद हाय. कोंडून ठेवलाय त्याला."

हबीब ट्यूब घासत होता. त्याचा हात थांबला नाही.

"मालूम हाय, ताई. दीड साल झालं."

"आन् तुमी कुणाला बोलला न्हाईत?"

"साहेबांच्या घराचं कोण बोलंल? ही दुकानाची जागा बी त्यांचीच."

दुकानामागच्या पडद्याआडून त्याच्या बायकोचा, अस्माचा आवाज आला.

"अजी, थांबला का तो? चहा टाकू?"

हबीबनं मान आणखी खाली घातली. "रोज साडेतीनला थांबतो," तो ट्यूबकडं बघत म्हणाला. "घड्याळ बघावं लागत न्हाई."

शेजारच्या घरात लायटर चटचट वाजला. त्याच्या पुढच्या घरात कुणी कप विसळले. पलीकडं कुणी आलं ठेचायला घेतलं. सगळ्या गल्लीत दारं बंद होती आणि दाराआड चहा ठेवला जात होता.

सत्यशीलानं चावी काढून घेतली.

"चला माझ्यासंगं. चारजणं दारात उभं राह्यलो तर काकू कुलूप काढतील. त्यांना बी काढायचंय. न्हाईतर मला सांगितलं असतं कावून?"

घासून गुळगुळीत झालेली ट्यूब हबीब घासतच राहिला. पडद्यामागं आता काही हालत नव्हतं.

सत्यशीला एकटीच रस्ता ओलांडून गेली. फाटकाची कडी काढली. भिवराबाई अजून उंबऱ्यातच उभ्या होत्या. त्यांनी दार लावलं नव्हतं.

अंगणाच्या मध्यावर आल्यावर तिला मागं चपला वाजलेल्या ऐकू आल्या. अस्मा होती. ओढणीला हात पुसत ती येऊन शेजारी उभी राहिली. तिला दम लागला होता.

मागून हबीबनं हाक मारली. दूध उतू गेल्याचा करपट वास रस्ता ओलांडून इथवर येत होता. अस्मानं वळून पाहिलं नाही.