आरशातला हात

आमच्या केस कापायच्या दुकानात दोन खुर्च्या. एक माझी, दुसरी धाकट्या बहिणीची. कात्री धरायला तिला मीच शिकवलं, आणि आता येणारी प्रत्येक बाई मोबाइल पुढे करून मलाच विचारते, "व्हिडिओतल्या ताई कुठायत?" मी समोर रिकामी उभी. तरी म्हणते, "बसा, येईलच ती."

जळते मी तिच्यावर. उगाच गोड कशाला बोलू? तिनं नुसता कंगवा फिरवला तरी व्हिडिओखाली लाल बदामांची रास. मला मात्र अख्खं डोकं नीट कापून दिलं तरी "किती झाले?" एवढंच.

शेवटी मी खोट्या नावानं खातं उघडलं. काल तिनं नवा व्हिडिओ टाकला. चेहरा नाहीच. गिऱ्हाइकाचं खाली झुकलेलं डोकं, काळा एप्रन आणि उजव्या हातात चालणारी कात्री. एप्रन दोघींचे सारखेच, पण मी डावखुरी. म्हणजे हात तिचाच. मी लिहिलं, "कात्री धरलीय की सांडशी? हिला आधी झाडू मारायला ठेवा." जिवाला कसं गार वाटलं.

आज धाकटी लाल डोळ्यांनीच आत आली. "ताई, तू मोबाइल बघू नकोस हं."

"का गं, काय झालं?" मी अगदी साळसूद.

"कुणीतरी मेल्यानं तुझ्या हाताला नावं ठेवलीत."

"माझ्या?"

"अगं, तो तुझाच व्हिडिओ! तू कापत होतीस, मी गुपचूप आरशातून घेतला. म्हटलं, आता तरी लोक तुझी खुर्ची मागतील."

सगळा जन्म आरशासमोर गेला, आणि आरशात डावा हात उजवा दिसतो हे मीच विसरले.

मी बेसिनकडे तोंड करून मोबाइल उघडला. माझ्या ओळींखाली तिचं उत्तर होतं. "हे माझ्या ताईचे हात आहेत. मला जे येतं ते यांनीच शिकवलं. जीभ सांभाळा." माझं लिहिलेलं पुसायला बोट नेलं, तेवढ्यात दार उघडलं.

"व्हिडिओतल्या ताई?" नव्या बाईनं विचारलं.

धाकटीनं हसून माझ्याकडे बोट केलं. मी खुर्ची झटकली.

"अय्या, तुम्हीच का त्या? तुमच्या बहिणीनं काय झापलंय हो त्या मेल्याला! अशी बहीण मिळायला नशीब लागतं," असं म्हणत बाई धाकटीच्या खुर्चीत जाऊन बसली.

मी झाडू उचलला.