घरची पेशंट

घरात नाक-कान-घशाचा डॉक्टर असला की सुनेने बाहेर नाक दाखवायचं नसतं, हे मला लग्नानंतर कळलं. माझ्या डाव्या नाकपुडीतून सारखं रक्त यायचं. थोरल्या दिरांनी जेवता जेवता मोबाईलच्या उजेडात पाहिलं आणि म्हणाले, "मांस वाढलंय. तू घरचीच, तुला कशाला स्कॅनबिन? दवाखान्यात ये, काढून टाकतो."

बाहेरच्या पेशंटला ते आधी स्कॅन करायला लावतात. मी घरची, म्हणून मला सवलत.

दवाखान्यात त्यांनी चिमट्याने गाठ ओढली आणि रक्ताची चिळकांडी त्यांच्या शर्टावर उडाली. घशातूनही रक्त उतरू लागलं. नाकात पट्टी ठासून भरली, तेव्हा कुठे थांबलं. घरी आल्यावर सासूबाईंनी आधी शर्ट पाण्यात टाकला, मग मला विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"उरलेलं पुढच्या आठवड्यात काढू," दीर म्हणाले. मला धडकी भरली. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर नवरा म्हणाला, "दादाला काय वाटेल?" मी मेले तर आपल्याला काय वाटेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

शेवटी बहिणीला घेऊन दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं आणि हात मागे घेतला.

"ही रक्तवाहिन्यांची गाठ दिसते. स्कॅनशिवाय हिला हात लावायचा नसतो. कुणी ओढली?"

बहीण म्हणाली, "घरच्यांनीच."

स्कॅन झालं. मग जांघेतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी गाठ काढली. रक्त फारसं गेलंच नाही. तपासणीत गाठ साधी निघाली, पण क्वचित सापडणारी.

मी बाहेर गेले म्हणून दिरांनी अबोला धरला होता. 'क्वचित' म्हटल्यावर तो सुटला. डॉक्टरांच्या सभेत ही केस मांडायची म्हणून माझ्या गाठीचे फोटो नवऱ्याने त्यांना परस्पर देऊनही टाकले.

"चिमट्याचं सांगणार का, भावोजी?" मी विचारलं.

"घरातलं घरात राहू दे," सासूबाई म्हणाल्या आणि सभेला घालायचा म्हणून तोच शर्ट इस्त्रीसाठी माझ्या हातात दिला. खिशापाशी तपकिरी डाग राहिला होता. मी तो दिरांसमोर धरला.

"असू दे," ते म्हणाले. "वरून कोट घालणार आहे."